पडद्यावरची परीक्षानळी

मी सायन्स सोडून आर्ट्सला का आले, हा प्रश्न मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. मी हसून सांगते, "मराठीची ओढ होती म्हणून." ते खोटं नाही, पण एवढंच खरं नाही. दुसरं कारण एक काचेची नळी आहे. तिचं नाव ब्युरेट.

दहावीपर्यंत मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकले. मार्क चांगले पडले म्हणून घरच्यांनी बेळगावात पीयूसीला सायन्सला घातलं. केमिस्ट्रीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला समोर ब्युरेट आली. ऑक्झॅलिक आम्लात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे, वरून सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडायचं. एका थेंबाला द्रावण फिकट गुलाबी होतं, तिथेच थांबायचं. शेजारच्या मुलींचं व्हायचं. माझं तिन्ही वेळा कोकम सरबतासारखं गडद झालं, कारण तोटी किती फिरवली की किती थेंब येतात ते माझ्या बोटांना ठाऊकच नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "हायस्कूलला कधी हात लावला नाहीस का?"

नव्हता लावला. आमच्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली हेडमास्तरांकडे असायची. काच फुटली तर भरून कोण देणार, ही भीती. सर जीव ओतून शिकवायचे, पण फळ्यावर. परीक्षानळी, चंचुपात्र, बर्नर सगळं आम्ही प्रयोगवहीत पेन्सिलीनं काढलं. माझ्या आकृत्यांना नेहमी 'उत्तम' असा शेरा मिळायचा. मी दहावी पास झाले तेव्हा मला परीक्षानळीचं चित्र उत्तम काढता येत होतं आणि ती धरायची कशी ते माहीत नव्हतं.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की सध्या जिकडेतिकडे 'व्हर्च्युअल लॅब' हा शब्द ऐकू येतोय. ज्या शाळांत प्रयोगशाळा नाही, तिथे संगणकाच्या पडद्यावर प्रयोगशाळा उघडायची. माउसनं परीक्षानळी उचलायची, क्लिक केलं की आम्ल पडतं, रंग बदलतो, आकडे येतात. काच फुटत नाही, हात भाजत नाही, कपाटाची किल्ली लागत नाही. माझ्यासारख्या मुलीनं याच्यावर टाळ्या वाजवायला हव्यात. अर्ध्या टाळ्या मी वाजवतेही. उरलेल्या अर्ध्या का राखून ठेवल्यात, तेच सांगायचंय.

आधी या गोष्टीची थोडी माहिती. ही कल्पना नवी नाही. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचा 'व्हर्च्युअल लॅब्स' प्रकल्प आयआयटी दिल्लीच्या पुढाकारानं दहा-पंधरा वर्षांपूर्वीच सुरू झाला. तो मुख्यतः इंजिनिअरिंग आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शाळांसाठी अमृता विश्व विद्यापीठम आणि सी-डॅक मुंबई यांनी मिळून 'ओलॅब्स' तयार केलं. त्यात नववी ते बारावीचे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रयोग आहेत, आणि इंग्रजीबरोबर मराठीचाही पर्याय आहे. तिसरं नाव 'फेट'. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये ते सुरू केलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. फेटच्या कितीतरी प्रतिकृती मराठीत आल्यात, आणि त्या एकदा डाउनलोड केल्या की इंटरनेटशिवाय चालतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व्हर्च्युअल लॅबचा स्पष्ट उल्लेख आहे. 2022 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तर विज्ञान आणि गणिताच्या 750 व्हर्च्युअल लॅब उभारण्याची घोषणा झाली. म्हणजे ही एखाद्या हौशी शिक्षकाची कल्पना राहिलेली नाही. हे सरकारी धोरण आहे, आणि धोरण असलं की त्यावर बोलायचा हक्क आपल्यालाही असतो, भले आपण साहित्यवाले असू.

आता माझा अनुभव. गेल्या वर्षी एनएसएसच्या शिबिराला आम्ही जांबोटीच्या बाजूच्या एका गावात होतो. तिथल्या हायस्कूलला एक मोठा स्मार्ट बोर्ड मिळाला होता. दहावीच्या वर्गात आम्ल आणि आम्लारींचा धडा चालू होता. सरांनी आम्हाला हौसेनं बसवून घेतलं. पडद्यावर ॲनिमेशन चाललं होतं. कांद्यात ठेवलेल्या कापडाच्या दोन पट्ट्या, एकीवर आम्ल टाकलं, दुसरीवर आम्लारी. खाली इंग्रजीत वाक्य आलं, की आम्लारी टाकलेल्या पट्टीचा कांद्याचा वास जातो. सरांनी ते मराठीत सांगितलं आणि मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ताई, वास गेला हे त्यांना कसं कळलं?"

मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. तो प्रयोगच वासाचा होता. त्याला नाक सोडून दुसरं यंत्र लागत नाही. आणि कांदा त्या वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी होता. तरी चाळीस मुलं वासाचा प्रयोग डोळ्यांनी बघत होती.

त्या संध्याकाळी आम्ही कांदे बारीक चिरून डब्यात भरले, धुतलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या त्यात रात्रभर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सरांची परवानगी घेऊन वर्गात गेलो. एक पट्टी लिंबाच्या रसात भिजवली, दुसरी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात. मग दोन्ही साध्या पाण्यातून काढून वर्गात फिरवल्या. गंमत म्हणजे सोड्यातल्या पट्टीचा वास बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. लगेच वाद सुरू. एक म्हणाला, सोडा कमी पडला. दुसरी म्हणाली, पट्टी नीट बुडलीच नव्हती. तिसऱ्याचं म्हणणं, पुस्तकात दुसरी आम्लारी आहे, ती जास्त जोरदार असणार. त्या तिसऱ्याकडे सर बघतच राहिले. आदल्या दिवशी पडद्यानं उत्तर दिलं होतं आणि वर्ग गप्प होता. आज प्रयोग नीट झालाच नाही आणि वर्ग बोलत होता.

माझा सगळा मुद्दा खरं तर या एका तासात आला. तरी दुसरी बाजू मांडल्याशिवाय पुढे गेले तर ते प्रामाणिक होणार नाही, कारण दुसरी बाजू भक्कम आहे.

पहिली गोष्ट, काही गोष्टी पडद्यावरच दिसतात. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन कुठल्याच शाळेच्या प्रयोगशाळेत दिसत नाहीत. वायू तापवला की त्याचे रेणू कसे धावतात, हे फेटच्या प्रतिकृतीत जितकं कळतं तितकं फळ्यावर कळत नाही. ग्रेगोर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं लावून आनुवंशिकतेचे नियम शोधले. ते धर्मगुरू होते, म्हणून आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांचं नाव अभिमानानं घेतलं जायचं. त्यांना या कामाला आठेक वर्षं लागली. दहावीच्या मुलांना तेवढी वर्षं कोण देणार? तिथे पडदाच हवा.

दुसरी गोष्ट, संशोधनही सरसकट माझ्या बाजूचं नाही. 2005 साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला खरे बल्ब, तारा आणि सेल दिले, दुसऱ्याला तेच संगणकाच्या पडद्यावर दिलं. नंतर दोघांना खरं सर्किट जोडायला सांगितलं. पडद्यावर शिकलेले सरस ठरले, नुसत्या संकल्पनांत नाही, खऱ्या तारा जोडण्यातही. हे वाचून मी थोडी हिरमुसले, मग विचार केला. एक तर ती विद्यापीठातली मुलं होती. आणि प्रत्येकानं स्वतः जोडून, मोडून, पुन्हा जोडून पाहिलं होतं. आपल्याकडे एका वर्गाला एक स्मार्ट बोर्ड असतो. एक मुलगा क्लिक करतो, किंवा सरच करतात, आणि बाकीचे एकोणचाळीस बघतात. याला प्रयोगशाळा म्हणत नाहीत, याला टीव्ही म्हणतात. घरी फोनवर करा म्हणावं, तर घरात फोन एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. शिवाय आमच्याकडचा पाऊस. जून-जुलैत कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात लाइट गेली की कधी येईल त्याचा भरवसा नाही. त्या दिवसांत स्मार्ट बोर्ड म्हणजे भिंतीला लावलेला काळा आरसा.

तिसरी गोष्ट माझ्याच बाबतीतली. त्या ब्युरेटसमोर उभं राहायच्या आधी मी पडद्यावर दहा वेळा टायट्रेशन केलं असतं तर? बोटांना थेंब तरीही कळला नसता. पण पुढे काय होणार ते तरी माहीत असतं. निम्मी भीती तिथेच गेली असती. मग कदाचित मी चौथ्यांदा करून पाहिलं असतं. मी चौथ्यांदा केलंच नाही. वर्षाच्या शेवटी घरी सांगितलं की मला हे जमत नाही. खरं म्हणजे जमत नव्हतं असं नाही, सवय नव्हती. हा फरक सतराव्या वर्षी कळत नाही, आणि सांगणारंही कुणी नव्हतं.

म्हणून व्हर्च्युअल लॅब नको, असं मी म्हणूच शकत नाही. माझी भीती वेगळी आहे. 'व्हर्च्युअल लॅब दिली' असं कागदावर आलं, की खऱ्या प्रयोगशाळेची मागणी फायलीत जाऊन बसेल. शहरातल्या मोठ्या शाळांत मुलं खऱ्या सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी बघतील आणि वर पडद्यावरही बघतील. आमच्या गावातली मुलं फक्त पडद्यावर बघतील आणि त्यालाच 'समान संधी' म्हटलं जाईल. ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांच्यासाठी व्हर्च्युअल लॅब सराव आहे. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्या वाट्याला मात्र तीच अख्खी प्रयोगशाळा म्हणून येते.

आणि सरावाच्या जागेला प्रयोगशाळा म्हटलं की विज्ञानाचा गाभाच सुटतो. पडद्यावरचा प्रयोग सहसा चुकत नाही. एक मीटर दोरीला दगड बांधून झोका दिला, तर एका आंदोलनाला साधारण दोन सेकंद लागतात. पडद्यावर ते बरोबर तेवढंच येतं. वर्गात पाच मुलांनी वीस आंदोलनं मोजली तर एकाचे 39 सेकंद येतील, एकाचे 41, एकाचे 43. मग दोरी कुठून कुठपर्यंत मोजायची, घड्याळ कुणी उशिरा दाबलं, सरासरी का काढायची, हे प्रश्न येतात. आपण याला चूक म्हणतो, पण मोजायला शिकणं म्हणजे हेच. मेंडेल यांचेच आकडे बघा. गोल वाटाणे 5474 आणि सुरकुतलेले 1850. भागून पाहा, तिनास एक असं नेमकं येत नाही, 2.96 येतं. त्या माणसानं आकडे जसेच्या तसे लिहून ठेवले आणि तरी त्यांच्यामागचा नियम ओळखला. निसर्ग गोळाबेरीज करून देत नाही, ती आपल्याला करायची असते. ज्या मुलांनी कायम नेमकं उत्तर देणारा पडदा पाहिलाय, त्यांचा आकडा खऱ्या प्रयोगात थोडा इकडेतिकडे झाला की त्यांना वाटतं, आपण ढ आहोत. मला तसंच वाटलं होतं.

दर ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चमध्ये थॉमसची गोष्ट वाचतात. बाकीच्यांनी सांगितलं तरी त्याचा विश्वास बसला नाही. जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, म्हणाला. लहानपणी आम्हाला शिकवलं, की थॉमससारखं होऊ नये. श्रद्धेच्या जागी ते ठीक असेल. पण प्रयोगशाळेत मला थॉमसच हवा. 'ताई, वास गेला हे त्यांना कसं कळलं?' विचारणारी ती मुलगी थॉमसच्याच घराण्यातली होती. आणि लक्षात घ्या, गोष्टीत थॉमसला हाकलून देत नाहीत. त्याला जवळ बोलावतात, हात पुढे कर म्हणतात.

पैसे नाहीत, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. 1972 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा ग्रामीण शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. स्वतंत्र प्रयोगशाळा नव्हत्याच. साध्या वस्तूंची पेटी, आजूबाजूची शेतं आणि वर्गातली मुलं, एवढ्यावर विज्ञान शिकवलं. परीक्षासुद्धा पुस्तक उघडं ठेवून आणि प्रत्यक्ष प्रयोग करून घेत. पुढे तो शेकडो शाळांत पोचला. 2002 मध्ये सरकारनं तो बंद केला, पण होऊ शकतं एवढं तर त्यानं तीस वर्षं दाखवलं. तिथूनच स्फूर्ती घेतलेल्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवलं. त्यांची पुस्तकं मराठीत आहेत. हळद आणि जास्वंदीचं फूल म्हणजे फुकटचे दर्शक. पानाच्या चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की ती दुधाळ होते, झाला कार्बन डायऑक्साइडचा प्रयोग (फक्त फुंकायचं, ओढायचं नाही). यातलं काहीही आमच्या त्या कुलूपबंद कपाटात नव्हतं आणि सगळं गावात होतं.

आता आपल्यावर येते. तुम्ही म्हणाल, हे साहित्य मंडळाच्या अंकात कशाला? कारण यातलं एक काम खरोखर आपलं आहे, भाषेचं.

सीमाभागातल्या मराठी शाळांपर्यंत जे डिजिटल साहित्य पोचतं, त्यातलं पुष्कळसं इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतं. मग शिक्षक सोय म्हणून हिंदी व्हिडिओ लावतात, लिपी तीच, मुलांना कळेल म्हणून. तिथेच घात होतो. मराठी पुस्तकात 'ऊर्ध्वपातन' म्हणजे द्रवाची वाफ करून ती थंड करून परत द्रव मिळवणं. हिंदीत 'ऊर्ध्वपातन' म्हणजे कापरासारखा स्थायू द्रव न होताच वायू होणं, ज्याला आपण 'संप्लवन' म्हणतो. शब्द एकच, प्रक्रिया दोन. मराठीत 'लोलक' म्हणजे प्रकाशाचे सात रंग दाखवणारी काच, हिंदीत 'लोलक' म्हणजे झोके घेणारा दोलक. दहावीचं पोर हिंदी व्हिडिओ बघून मराठीत पेपर लिहिणार असेल, तर त्याच्या डोक्यात काय होत असेल? विज्ञानाच्या शिक्षकाला कदाचित हे खटकणार नाही. शब्दांवर जगणाऱ्या आपल्याला खटकायला हवं.

म्हणून मंडळासमोर माझे तीन साधे प्रस्ताव आहेत. एक, फेटच्या मराठीत आलेल्या आणि हायस्कूलला उपयोगी पडतील अशा प्रतिकृती आपण पेनड्राइव्हवर उतरवून तालुक्यातल्या चार-पाच शाळांना द्यायच्या, म्हणजे नेटवर्क नसलं तरी चालेल. दोन, प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक पान सोप्या मराठीत लिहायचं. त्यावर पडद्यावर काय करायचं ते असेलच, पण त्याखाली घरच्या वस्तूंनी करायचा एक खरा प्रयोगही असेल. तो प्रयोग झाल्याशिवाय पान पुरं झालं असं धरायचं नाही. तीन, या पानांतले शब्द आपल्या कॉलेजच्या सायन्सच्या मित्रमैत्रिणींकडून तपासून घ्यायचे. भाषा आपली, विज्ञान त्यांचं. एवढ्यानं प्रयोगशाळा उभ्या राहणार नाहीत. ती मागणी सरकारकडे चालूच राहायला हवी, आणि व्हर्च्युअल लॅब मिळाली म्हणून ती मागे घेता कामा नये. पण मागणी मान्य होईपर्यंत तीन-चार बॅचेस दहावी होऊन जातात, त्यांचं काय?

माझा धाकटा भाऊ आता माझ्याच जुन्या शाळेत नववीत आहे. शाळेत प्रोजेक्टर आलाय, तो खूश आहे. परवा सुट्टीत घरी गेले तेव्हा त्याची प्रयोगवही चाळली. परीक्षानळीची आकृती सुरेख काढलीय, माझ्यापेक्षाही चांगली. खाली 'उत्तम' असा शेरा. मी विचारलं, "कपाट उघडतात का रे?" तो म्हणाला, "कुठलं कपाट?"

पुढच्या शनिवारी मंडळाची बैठक आहे. ज्यांना या कामात यायचंय त्यांनी नाव नोंदवावं. कांदे मी आणते.